उजव्या नाकपुडीतली नथ

माय, आज मला फार राग आलेला आहे आणि तो काढायला तुझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. आता तर तू जाऊनही एक पिढी उलटली. त्यात मी इतकी वर्षं मुलींच्या शाळेत शिकवून शिकवून पुस्तकातलं बोलायला लागले आहे. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, "पाय वं, माही पोट्टी कशी पुन्यावाल्यावानी बोलून राहिली!" हस. पण ऐक. मागच्या महिन्यात मी इथे अकोल्यातल्या छापखान्यात गेले होते. शाळेच्या बक्षीस समारंभाची पत्रिका छापायची होती. छापणाऱ्या म्हाताऱ्याने एक जाड शिळा पुढे ओढली, तिच्यावर शाईचा रूळ फिरवला आणि मी बघते तर सगळी अक्षरं उलटी. मी मास्तरणीच्या आवाजात खेकसले, "अहो, हे काय करून ठेवलंत? एक अक्षर सरळ नाही!" म्हातारा हसला. म्हणाला, "बाई, शिळेवर उलटं तवाच कागदावर सुलटं. शिळेवर सुलटं लिवलं त कागदावर डाव्याचं उजवं होते." मी तिथेच खाली बसले. त्याला वाटलं मला भोवळ आली, त्याने धावत जाऊन पाणी आणलं. भोवळ कसली, माय! मला तुझी नथ आठवली. ती उजव्या नाकपुडीत कशी गेली, हे मला त्या क्षणी कळलं.

तुला ती वर्षं सांगायला नकोत, पण मी स्वतःलाच सांगते आहे. सात समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता आणि आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. गावातली शहाणी माणसंसुद्धा बहकली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. माझ्या बापाने पराणीला चांदीचं कडं बसवून घेतलं. बैल हाकायच्या काठीला चांदी! मी त्याला बाप म्हणते, 'बाबा' म्हणायची सवय माझी त्याच वर्षी सुटली. त्याने त्या पावसाळ्यात सगळ्या वावरात कपाशीच टोबायची ठरवली. तू म्हणालीस, "कापूस खासान काय? लेकरायले भाकर लागते." आणि धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेने, ज्वारीचं एक पट्टं तू स्वतः पेरलंस. ती ज्वारी गुडघ्याएवढी झाली तेव्हा त्याने तण काढायच्या डवऱ्याला बैल जुंपले आणि सरळ ज्वारीत घातले. तू बैलांच्या समोर जाऊन उभी राहिलीस. धाकटा भाऊ तुझ्या पोटात होता. मी धुऱ्यावर उभी आहे, मला दिसतं आहे, तो पराणी उलटी धरतो आणि चांदीच्या कड्याकडची बाजू तुझ्या डाव्या भुवईवर उतरते. आवाज नारळ फोडल्यासारखा होतो. रक्त डोळ्यात जातं, डोळ्यातून हनुवटीवर येतं, आणि तू एका हाताने बैलाची वेसण धरून तशीच उभी राहतेस. शेजारच्या वावरात चार माणसं डवरत होती. त्यांनी बघितलं आणि मान खाली घालून डवरत राहिली. संध्याकाळी गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं की बैलाने शिंग मारलं.

मग आली सीतादही. पहिल्या वेचणीचा दिवस. तुझा आवडता सण, दिवाळीपेक्षा आवडता. कपाशीच्या झाडाखाली ओळीने खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा घास चारी दिशांना फेकायचा आणि घरच्या लक्ष्मीने पहिलं बोंड वेचायचं. तू हिरवं लुगडं नेसली होतीस, नथ घातली होतीस, भुवईवरची खोक भरून आली होती पण तिथली कातडी अजून तांबडी होती, म्हणून पदर पार डोळ्यांपर्यंत ओढला होतास. बाळ बाभळीला बांधलेल्या झोळीत होतं. नेमके त्याच वेळी घोड्यावरून एक गोरा साहेब आणि त्याचा कारकून आले. कापसाचं पीक बघत गावोगाव हिंडणारा साहेब. त्याच्या खोगिरात तांब्याचे लहान लहान पत्रे होते, मेण चढवून काळे केलेले. त्यावर तो सुईने रेघा ओढायचा, पुढे त्याच पत्र्यांवरून कागदावर चित्रं छापायची. कारकून म्हणाला, "साहेबांना वऱ्हाडातल्या माणसांची चित्रं काढायची आहेत. बाईंचं काढलं तर चालेल काय?" आणि माझा बाप, ऐक माय, माझा बाप छाती फुगवून म्हणाला, "काढा ना! आमच्या घरची लक्ष्मी हाय. विलायतेत दाखवा म्हना, कापूस कोन्या घरून येते ते." हे त्याचे शब्द. मी कानांनी ऐकले.

साहेबाने कारकुनाकरवी सांगितलं, पदर जरा मागे घ्या. मला वाटलं तू घेणार नाहीस. तू बापाकडे बघितलंस, तो साहेबाच्या घोड्याकडे बघत होता. आणि तू पदर मागे सारलास, चांगला कानामागे. बोंड उजव्या हातात पुढे धरलंस, जसं देवीला देतात तसं. साहेब तुझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याने काहीतरी विचारलं. कारकून म्हणाला, "हे कपाळाला कशाने लागलं?" बाप म्हणाला, "बैलानं मारलं." साहेबाने मान हलवली, सुई उचलली आणि मेणावर करकर आवाज सुरू झाला. तो आवाज मला आवडला होता. मी जवळ जाऊन बघितलं तर काळ्यावर तांबूस रेघांनी तू उमटत होतीस, जशी बसली होतीस तशीच, नथ डावीकडे, पदर डाव्या खांद्यावर, बोंड उजव्या हातात. त्याने सुलटं काढलं, माय. थेट पत्र्यावर सुलटं काढलं, आणि छापल्यावर काय होईल याची त्या शहाण्याला फिकीर नव्हती. विलायतेत कोण बघणार आहे कोणाची नथ कुठे आहे ते!

पुढच्या उन्हाळ्यात बाप कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला. एका अडत्याच्या दुकानात भिंतीवर साहेबाची छापील चित्रं डकवली होती. पिंजारी, गाडीवान, एक म्हातारा गोसावी, आणि तू. तिथे बसलेल्या रिकामटेकड्यांत आपल्या गावचाही एक होता. "अबे, हे त तुह्या घरची!" दुसरा म्हणाला, "नथ पाय ना, कोन्या बाजूनं घातली. घरंदाज बाई अशी घालते काय?" तिसऱ्याने जे म्हटलं ते मी लिहीत नाही. बापाने चित्र भिंतीवरून ओरबाडलं आणि तसाच परत आला. तू चुलीपाशी होतीस. त्याने तुझा अंबाडा धरला आणि तुझं डोकं जात्याच्या पाळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तू "काय झालं ते त सांगा" म्हणत होतीस आणि तो बोलत नव्हता, नुसता धापा टाकत होता. भाकरी तव्यावर जळत होती. मी त्याच्या दंडाला चावले, त्याने मला झटकलं तशी मी रांजणावर जाऊन पडले आणि रांजण फुटला. पाण्यात तुझं रक्त मिसळून दारापर्यंत गेलं. मग त्याने तो कागद तुझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाला, "पलटनीमागची रांड करून ठेवली त्यानं तुले." तू एका डोळ्याने बघितलंस, दुसरा मिटला होता. आणि त्याही दशेत म्हणालीस, "हे त मी हाओ."

दुसऱ्या दिवशी चावडीसमोर जातीची माणसं बसली. आधी बापाने तुला घरात कोंडून पढवलं होतं. त्याचं डोकं आता थंड झालं होतं, त्याला वाळीत पडायची भीती वाटत होती. "एवढंच म्हन का हे मी नोहो. साहेबानं दुसऱ्या कोन्या बाईचं काढलं. बस. मीबी तेच म्हनतो." पंचांनाही तेच हवं होतं. सोन्याच्या वर्षात त्यांनी आपल्या घरचं भरपूर खाल्लं होतं, बापाला वाळीत टाकून त्यांचं काय भलं होणार होतं? पाटलाने कागद जमिनीवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि सगळे त्यावर वाकले. जशी जन्मपत्रिका वाचतात तसं त्यांनी तुला वाचलं. नथ उजव्या नाकपुडीत, म्हणजे आपल्यातली नाही. पदर उजव्या खांद्यावर, म्हणजे परदेशीण. बोंड डाव्या हातात पुढे केलेलं. इथे एक म्हातारा कानाला हात लावून म्हणाला, "राम राम! लक्ष्मी डाव्या हातानं देऊन राहिली? अशा बाईच्या घरी कापूस टिकन काय?" गालावरच्या सावलीसाठी साहेबाने आडव्याउभ्या बारीक रेघा मारल्या होत्या. बायकांतून कोणीतरी पुटपुटलं, "वळ दिसतात वं अंगावर."

पाटील मोठ्याने म्हणाला, आणि बऱ्याच मायेने म्हणाला हे मी कबूल केलं पाहिजे, "पाय बाई. तुही नथ डावी, हिची उजवी. तुही खोक डाव्या भिवईवर, हिची उजव्या. हे तू नाईस. सांग पंचायले का तू नाईस, आन् घरी जाय. लेकरू रडून राहिलं." बाळ खरंच रडत होतं, आत्याच्या हातात. दूध प्यायची वेळ झाली होती. तुझ्या चोळीवर ओल आली होती, मला दिसत होती. एक शब्द, माय. 'नाही' म्हणायचं आणि घर तुझं, वावर तुझं, बाळ तुझं. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण ना! तू पुढे झालीस, वाकून खडे बाजूला केलेस आणि कागद उचललास.

"मीच हाओ हे," तू म्हणालीस.

"अवं पन खोक पाय ना! बाजू पाय!"

"बाजू बदलली पाटील. मार त तोच हाय ना?" आणि मग तू बापाकडे बोट केलंस. "हे मले बैलानं नाई मारलं. यानं मारलं, भरल्या पोटावर, जवारीसाठी. साऱ्यायनं पायलं. कोनाच्या तोंडातून शब्द निंगाला काय? त्या गोऱ्यानं पायलं आन् काढून ठेवलं. मी नाई म्हनू त मंग हे कोनाले लागलं?"

बाप पराणी घेऊनच आला होता. पहिला फटका तुझ्या खांद्यावर बसला. दुसरा यायच्या आधी तू ती पराणी धरलीस. दोन्ही हातांनी धरलीस, ओढलीस, आणि ती तुझ्या हातात आली तेव्हा साऱ्या चावडीला कळेना की आता काय होणार. तू ती फिरवलीस. चांदीच्या कड्याची बाजू त्याच्या कानशिलावर बसली, कान फाटून लोंबला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, असा आनंद मला पुढे बक्षिसं मिळाली तेव्हाही झाला नाही. मग माणसं तुझ्यावर तुटून पडली. जोडे, लाथा, कोणाच्या हातात दोरखंड होता. इतका वेळ तुला वाचवू बघणारा पाटील ओरडत होता, "नवऱ्यावर हात टाकला! नवऱ्यावर हात टाकला!" तू खाली पडलीस आणि अंगाची जुडी करून कागद पोटाशी धरलास. मी तुझ्यावर जाऊन पडले. माझ्या पाठीत बसलेली एक लाथ अजून थंडीत ठणकते. त्यांनी आपल्याला गावाबाहेर ओढ्यापर्यंत फरफटत नेलं. आत्या बाळाला घेऊन घरात गेली आणि तिने आतून कडी लावली. ती कडी लागलेली तू ऐकलीस. मग तू ओरडलीस, इतका वेळ ओरडली नव्हतीस.

अमरावतीची वाट आपण पायी चाललो. वाटेत तुझी छाती दगडासारखी झाली. तू वावरात बसायचीस आणि दूध काळ्या मातीत पिळायचीस, दात ओठावर रोवून. कोणाच्या तरी वावरातला, वेचायचा राहिलेला कापूस तोडून चोळीत भरायचीस. पुढे अमरावतीत रुईच्या गठाणी बांधायच्या अंगणात तू मजुरी केलीस, मला मुलींच्या शाळेत घातलंस आणि माझ्या हातात पहिलं बक्षीस बघून तू खोकत खोकत हसलीस. त्या रुईच्या भुशानेच तुला नेलं. लढाई संपली, भाव पडले, गावाकडे चांदीच्या शेंब्या मोडीत गेल्या असं ऐकलं. तुला ऐकून बरं वाटलं का, मला कळलं नाही. एकदा मी तुला विचारलं होतं, का म्हणालीस 'हो'? तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "मले कोनी इचारलंच नाई ना आजवर काई. पहिल्यांदा इचारलं, त खोटं सांगू?"

आता तूच सांग, राग येणार नाही तर काय? त्या चावडीत एकाने जरी छापखाना बघितला असता, तर त्याने म्हटलं असतं, अरे, ठशात डावं उजवं होतं. नथ जागेवर आहे, पदर जागेवर आहे, बोंड उजव्याच हातात आहे, बाई घरंदाज आहे. म्हणजे तुला 'मीच आहे' असंही म्हणता आलं असतं आणि बाळही मिळालं असतं. छापखान्यातून घरी येईपर्यंत मी हेच घोकत होते. मग वाटलं, काय बोलते आहेस, मास्तरणी! नथ डावीकडे असती तरी खोक होतीच. तू खोकेचं बोललीस म्हणून त्यांनी मारलं. नथीचं कोणाला काय पडलं होतं?

तरीही मी निरोप धाडून भावाला बोलावलं. बाप मेल्यावर तो कधीमधी येतो, अकोल्याला कापूस आणतो तेव्हा. बाहेरच्या ओट्यावर बसतो, पाणी पितो, तुझा विषय निघाला की उठतो. आत्याने त्याला हेच सांगून वाढवलं, की तुझी माय पलटणीमागची, नथ उजवी घालायची. आज दुपारी तो आला. मी त्याला धरून आत बसवलं, तुझं चित्र पुढे ठेवलं, छापखान्याची सगळी गोष्ट सांगितली. मग आरसा आणला आणि चित्र त्याच्यासमोर धरलं. आरशात तुझी नथ डावीकडे गेली, पदर डाव्या खांद्यावर आला, खोक जिथे होती तिथे आली. मी म्हटलं, "बघ. ही तुझी माय. अशी होती." तो कितीतरी वेळ बघत होता. कधी कागदाकडे, कधी आरशाकडे. त्याच्या कानशिलाची ठेवण बापासारखी आहे, मला ते बघवत नव्हतं. शेवटी म्हणाला, "बाई, मले काय समजते त्यातलं? मी तिले पायलीच नाई. उलटी दाखव का सुलटी दाखव, मले सारखीच." मला वाटलं, झालं, आता हा उठणार. तो उठला नाही. एवढा मोठा बाप्या माणूस, हाताने गमचा पिळत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "मले घ्यायची तवा कोन्या कडेवर घ्यायची वं ते? डाव्या का उजव्या?"

मी खूप आठवून बघितलं, माय. तो फटका मला आठवतो, कडी लागल्याचा आवाज आठवतो, जळलेल्या भाकरीचा वास आठवतो. त्याला कडेवर घेतलेली तू काही केल्या डोळ्यांपुढे येईना. तो वाट बघत होता. मी 'डाव्या' म्हणून सांगितलं.